मेलेल्या वानराची नोंद कोणाच्या दप्तरी?

मार्च १९५७. तेव्हाच्या म्हैसूर राज्यातून पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात बातमी आली की, शिमोगा जिल्ह्याच्या जंगलांत वानरे आणि माकडे मोठ्या संख्येने मरून पडत आहेत. त्याच जंगलांच्या कडेची माणसे तीव्र तापाने अंथरुणाला खिळली होती. हा ताप प्रथम विषमज्वर मानला गेला. परंतु विषमज्वर म्हटला, तर झाडावरच्या वानरांच्या मरणाचा उलगडा होत नव्हता.

पुण्यातील हे केंद्र १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या साहाय्याने स्थापन झाले होते. (पुढे तीच राष्ट्रीय विषाणू संस्था झाली.) संचालक टेलफोर्ड वर्क आणि त्यांचे सहकारी हॅरॉल्ड ट्रॅपिडो यांच्या मनात पहिली शंका आली ती पीतज्वराची. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यांत या रोगाची पहिली वर्दी मेलेली माकडेच देतात. आशियात हा रोग कधी आला नव्हता, पण तो वाहणारा डास मात्र येथे मुबलक होता. त्या भीतीची कल्पना आज करणे कठीण आहे.

पीतज्वर निघाला नाही. वानराच्या अवयवांतून, रुग्णांच्या रक्तातून आणि गोचिडींतून एकच विषाणू हाती आला. त्याचे नातेवाईक थेट रशियाच्या जंगलांतले होते! क्यासनूर या जंगलाचे नाव त्याला मिळाले. आपण त्या आजाराला माकडताप म्हणतो.

माझ्या मते या शोधाचे मर्म प्रयोगशाळेच्या आधीच घडून गेले होते. माणसांचा ताप आणि वानरांचे मरण या दोन बातम्या एकाच टेबलावर आल्या, तेव्हाच अर्धे निदान झाले.

नंतरचा इतिहास ते टेबल मोडल्याचा आहे. वानर मेले की त्याच्या अंगावरील गोचिडी खाली उतरतात आणि पालापाचोळ्यात पसरतात; म्हणून ती जागा सर्वांत धोक्याची. तेथे त्वरेने औषध फवारायचे असते. आता पाहा : वानर वन खात्याचे, त्याचे शवविच्छेदन करणारा डॉक्टर पशुसंवर्धन खात्याचा, ताप आरोग्य खात्याचा. जंगलात चरून अंगावर गोचिडी घेऊन गोठ्यात परतणारी गाय पुन्हा पशुसंवर्धनाची, आणि तिचा मालक आजारी पडेपर्यंत कोणाचाच नाही. एका खात्याची चिठ्ठी दुसऱ्याकडे उशिरा पोचली, तर त्या दिवसांत माणसे सरपणासाठी त्याच वाटेने जातच राहतात.

१९८२-८३ मध्ये दक्षिण कन्नड जिल्ह्यात काजूच्या लागवडीसाठी जंगल तोडल्यानंतर मोठी साथ आली. त्यानंतर तीस-बत्तीस वर्षांनी, २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्गात हाच ताप उद्भवला. येथेही काजू आहेच. बी गोळा करण्याचा हंगाम आणि अर्धवाढ गोचिडींचा हंगाम एकच, आणि बी वेचायची ती पाचोळ्यात वाकूनच. शिवाय येथे खात्यांच्या जोडीला तीन राज्यांच्या सीमाही आल्या. वानरांना आणि गोचिडींना अर्थातच त्या ठाऊक नाहीत.

या साऱ्यात एक अपवाद मला फार बोलका वाटतो. माकडतापाची लस माणसांना टोचली जात असे, पण ती तयार होत होती बेंगळुरूच्या प्राणी आरोग्य व पशुवैद्यकीय जैविके संस्थेत. म्हणजे कागदोपत्री वेगळी असलेली दोन खाती कुपीत वर्षानुवर्षे एकत्रच होती. तिची परिणामकारकता मात्र अपुरी ठरत गेली आणि २०२२ मध्ये ती थांबवण्यात आली.

त्यानंतर वाड्यावस्त्यांच्या हाती उरले ते अंगाला चोळायचे गोचीडरोधक तेल, आणि मेलेल्या वानराची खबर.