शिष्यवृत्ती आणि वसतिगृह : एक जुना हिशेब

शिष्यवृत्त्यांचा इतिहास लिहिताना आपल्याकडे सहसा दात्यांची नामावळी लिहिली जाते. कोणी किती रुपये दिले, कोणाला दिले आणि तो विद्यार्थी पुढे केवढा मोठा झाला, एवढे सांगितले की लेख पुरा होतो. आम्हाला त्याच वहीतील दुसरा रकाना पाहावयाचा आहे. पैसे मिळालेल्या विद्यार्थ्याला राहावयास जागा मिळाली का? हा रकाना बहुधा कोरा असतो. आणि ज्या संस्थानाच्या उदारतेचा आपण सर्वाधिक अभिमान बाळगतो, त्या बडोद्याच्या वहीतही तो एका ठिकाणी कोराच राहिला आहे.

विद्येसाठी सरकारी पैसा देण्याची आपल्याकडील जुनी रीत म्हणजे श्रावणातील दक्षिणा. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली ही प्रथा पुढे पेशव्यांनी पुण्यास चालविली. ती अर्थातच ब्राह्मणांपुरती होती. १८१८ नंतर इंग्रजांनी रक्कम घटविली, पण प्रथा एकदम मोडली नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेली संस्कृत पाठशाळा याच निधीवर उभी राहिली. १८४९ मध्ये लोकहितवादी व इतर सुधारकांनी या पैशाचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळवावा असा अर्ज केला, तेव्हा पुण्यात केवढी खळबळ उडाली हे सर्वश्रुत आहे. याच निधीतून पुढे दक्षिणा फेलोशिप निघाल्या आणि न्यायमूर्ती रानड्यांसारख्या बुद्धिमंतांना त्यांचा लाभ झाला. म्हणजे चाळीस-पन्नास वर्षांत पैशाची कसोटी जन्मावरून परीक्षेवर आली. ही प्रगती खरीच. परंतु परीक्षेच्या दालनापर्यंत पोहोचणारे कोण होते?

हा प्रश्न नेमकेपणाने विचारला तो महात्मा जोतीराव फुल्यांनी. ऑक्टोबर १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी शिष्यवृत्त्यांचा मुद्दा स्वतंत्रपणे मांडला आहे. चढाओढीने शिष्यवृत्त्या देण्याची पद्धत तत्त्वतः न्याय्य दिसली, तरी तिच्यामुळे इतर वर्गांत शिक्षण पसरत नाही. ज्या वर्गांत विद्येचा प्रवेशच झालेला नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या राखाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. दक्षिणा प्राइझ कमिटीने आपले ‘तृतीय रत्न’ हे नाटक नाकारल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. गुणवत्तेविरुद्ध त्यांची तक्रार नव्हती. गुणवत्ता मोजणारा तराजू कोणाच्या ओसरीवर टांगला आहे, एवढेच ते विचारीत होते. आम्हाला तर वाटते की, पुढील शतकभराच्या वादाचे सार या एका परिच्छेदात आले आहे.

फुल्यांची ही सूचना मुंबई सरकारपेक्षा संस्थानिकांनी अधिक मनावर घेतली. सयाजीराव महाराजांनी १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली आणि लवकरच अस्पृश्यांसाठी शाळा उघडल्या. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू झाले व १९०६ साली ते सर्व राज्याला लागू झाले. या शाळांवर स्पृश्य शिक्षक मिळेनात, म्हणून पंडित आत्माराम यांच्यासारख्या आर्यसमाजी कार्यकर्त्यांना पाचारण करावे लागले. अंत्यज मुलांसाठी बोर्डिंगेही निघाली. महाराजांची मदत संस्थानाच्या सीमेत अडकून राहिली नाही. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. पुढे ऑक्सफर्डहून परतल्यावर १९०६ साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले. सीमाभागातील आमच्या वाचकांना जमखंडीचे हे नाते मुद्दाम सांगावयास नकोच.

आता मुख्य प्रकरणाकडे वळू. १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून भीमराव आंबेडकर मॅट्रिक झाले. सुभेदार रामजींची ओढाताण पाहून कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी महाराजांकडे शब्द टाकला आणि दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्यावर पदवी हाती आली. ४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे सरकारशी करार केला: दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, ठरवून दिलेल्या विषयांचाच अभ्यास, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. करार दोन्ही बाजूंनी सरळ होता. संस्थान पैसा गुंतवीत होते आणि त्या बदल्यात त्याला एक विद्वान अधिकारी हवा होता. यात उपकाराची भाषा नव्हती, ही गोष्ट आम्हाला विशेष मोलाची वाटते.

जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले. कोलंबिया विद्यापीठाच्या लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात त्यांना खोली मिळाली आणि सोबतीस नवल भथेना हे पारशी विद्यार्थी होते. ही मैत्री जन्मभर टिकली. १९१५ साली एम. ए. झाले. मे १९१६ मध्ये भारतातील जातिसंस्थेवरचा प्रसिद्ध निबंध वाचला. त्याच वर्षी ते लंडनला गेले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने अभ्यास अर्धवट टाकून ऑगस्ट १९१७ मध्ये परतावे लागले. कराराप्रमाणे नोकरीसाठी त्यांनी बडोदे गाठले.

यापुढची हकिकत त्यांनी स्वतः ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर लेखनात लिहून ठेवली आहे. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही, म्हणून पारशी नाव धारण करून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. वरच्या मजल्यावर अडगळीच्या सामानाने भरलेले मोठे दालन, विजेचा दिवा नाही, रात्री सोबतीला कंदील. दिवसा अकाउंटंट जनरलच्या कचेरीत काम आणि रात्री या अंधारात वाचन. अकराव्या दिवशी सकाळी लाठ्या घेतलेल्या दहाबारा पारशांनी दार अडविले व संध्याकाळपर्यंत खोली सोडण्यास बजावले. दोन मित्रांकडे ते गेले, एक हिंदू, दुसरा ख्रिस्ती. पहिल्याने सांगितले की तुम्ही आलात तर माझे नोकर निघून जातील. दुसऱ्यानेही आडवळणाने नकारच दिला. मग कामाठी बागेत, म्हणजे आजच्या सयाजी बागेत, बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. महाराजांनी प्रकरण दिवाणांकडे सोपविले होते. दिवाणांना काही करता आले नाही.

या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि बडोद्यातील ‘संकल्पभूमी’वर आजही लोक त्याच्या स्मरणार्थ जमतात. आम्ही त्याकडे हिशेबाच्या दृष्टीने पाहतो. परदेशातील चार वर्षांचा खर्च संस्थानाने सोसला, दहा वर्षांचा करार करून घेतला, आणि तो करार राजधानीत भाड्याच्या एका खोलीअभावी मोडला! अंत्यज मुलांसाठी बोर्डिंग होते. शिकून अधिकारी झालेल्या अंत्यजासाठी शहरात घर नव्हते. महाराजांच्या औदार्याला यामुळे उणेपणा येत नाही. आंबेडकरांनी १९२५ साली प्रसिद्ध झालेला प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथ कृतज्ञतेने त्यांनाच अर्पण केला आहे. दोष शहराचा होता, आणि त्या शहरात आमच्या मराठी समाजाची प्रतिष्ठित घरेही होती. जुन्या संस्थांच्या भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या असतात. कोणाला खोली नाकारली याची पाटी कोठेच नसते.

कोल्हापुरास मात्र हा दुसरा रकाना लवकर ओळखला गेला. शाहू महाराजांनी १९०१ पासून वसतिगृहांची मालिकाच उभी केली: मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत आणि १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांनी जाती पक्क्या होतात, असा आक्षेप तेव्हाही घेतला जाई व तो निरर्थक नाही. परंतु ज्या मुलाला गावात कोणी ओसरीवरही उभे करीत नाही, त्याला आधी छप्पर द्यावे लागते. पुढची पायरी भाऊराव पाटलांनी चढून दाखविली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या या गृहस्थाने १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांना एकाच छपराखाली व एकाच पंक्तीला आणले.

आंबेडकरांचे अपुरे शिक्षण १९२० नंतर पुरे झाले ते स्वतःची बचत, भथेनांकडील कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर. १९२३ मध्ये परतल्यावर त्यांनी पुढच्याच वर्षी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, आणि या सभेच्या आरंभीच्या कामांतील एक काम म्हणजे जानेवारी १९२५ मध्ये सोलापुरास काढलेले वसतिगृह. पुढे धारवाडलाही त्यांनी असे वसतिगृह उभे केले. पहिल्याच वर्षांत पैसा छपराकडे का वळला, याचे उत्तर आम्हाला तरी कामाठी बागेतील त्या संध्याकाळी सापडते.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आल्यावर त्यांनी २९ ऑक्टोबर १९४२ रोजी अस्पृश्यांची गाऱ्हाणी मांडणारे निवेदन दिले. त्यात विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी देशात दोन लाख आणि परदेशात एक लाख रुपये दरसाल मागितले होते. अलीगढ व बनारस विद्यापीठांना सरकार देत असलेले अनुदान त्यांनी दाखल्यास घेतले होते. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर ती आदिवासी विद्यार्थ्यांना लागू झाली, आणि १९५४-५५ पासून परदेशी उच्च शिक्षणाची राष्ट्रीय योजनाही आली. एका संस्थानिकाच्या मर्जीवर असलेली गोष्ट अशा रीतीने नागरिकाचा हक्क झाली. मॅट्रिकोत्तर योजनेत वसतिगृहात राहणारा व घरून ये-जा करणारा यांचे निर्वाहभत्ते वेगळे ठेवले गेले. तो दुसरा रकाना निदान तक्त्यात तरी आला.

तरीही सरकारी वसतिगृहांतील जागा मुलांना पुरल्या नाहीत. म्हणून महाराष्ट्र शासनाने २०१६-१७ पासून स्वाधार योजना सुरू केली. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना भोजन आणि निवासासाठी तीत रोख रक्कम मिळते. योजना उपयुक्त आहे. पैसे वेळेवर पडावेत एवढी मात्र अपेक्षा. पण रोख रक्कम हाती घेऊन त्या मुलाला परक्या शहरात खोली शोधावयास स्वतःच निघावे लागते, आणि भाडे सांगण्याआधी आडनाव विचारणारा घरमालक अजून आपल्याच गल्लीत राहतो.