काडतुसांचे वंगण (१८५७)

तोंडाकडून भरावयाच्या एन्फील्ड रायफलीत गोळी कागदासह ठासावी लागे. ती सुलभ सरकावी म्हणून काडतुसाच्या टोकास वंगण लावीत. नुसते तेल उष्णतेने पातळ होऊन दारूत झिरपते. त्यामुळे घट्ट वंगण आवश्यक असे. इंग्लंडात त्यात जनावरांची चरबी घालीत. वस्तुतः चरबी अपरिहार्य नव्हती. पूर्वीच्या रायफलींसाठी खोबरेल व मेण यांचे मिश्रण वापरात होते. जानेवारी १८५७ मध्ये शिपायांना स्वतःचे वंगण लावण्याची मुभा मिळाली, परंतु तोवर विश्वास उडाला होता. जूनमध्ये औरंगाबादेस हैदराबाद कंटिन्जंटच्या घोडदळाने केलेल्या उठावामागे मात्र काडतुसांपेक्षा दिल्लीच्या बादशहाविरुद्ध धाडले जाण्याची भीती प्रबळ होती.