वाट कोणाची?

आजचा विषय कायद्याचा आहे, आणि कायदा म्हटला कीं बहुतेकांच्या कपाळाला आठी पडते. परंतु मी कांहीं वकील नव्हें. कंधारसारख्या गांवांत मुलांना इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला मी एक मास्तर. तेव्हां कायद्याचीं कलमें सांगण्यापेक्षां, रस्ता अडविणें हा अपराध आहे ही कल्पना आपल्यापर्यंत कशी आली, एवढेंच सांगण्याचा माझा विचार आहे.

आमचें कंधार हें राष्ट्रकूटांच्या वैभवाचें एक स्थान. मन्याड नदीच्या सान्निध्यांत भुईकोट किल्ला उभा आहे आणि त्याच्या भोंवतीं खंदक आहे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकांतला, एक शिलालेख येथें सांपडला असून त्यांत जगत्तुंगसमुद्र या विस्तीर्ण तलावाचा निर्देश आहे. मुलांना किल्ला दाखवितांना मी एक प्रश्न हटकून विचारीत असें : खंदक आणि तलाव यांत फरक कोणता? पाणी दोन्हींकडे आहे. पण खंदक हा वाट अडविण्यासाठींच खणलेला असतो, आणि तलाव असतो तो सर्वांसाठीं. शत्रूची वाट अडविणें हा राजाचा धर्म. शेजाऱ्याची वाट अडविणें हा मात्र अपराध. आजचा सारा विषय या एका वाक्यांत सामावला आहे.

हा विचार कांहीं साहेबानें आपल्याला शिकविला असें नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वाटा अडविणाऱ्यांसाठीं दंडाची एक पायरीच रचलेली आहे. लहान जनावरांची व माणसांची वाट अडविली तर १२ पण, मोठ्या जनावरांची अडविली तर २४ पण, गांवाची किंवा स्मशानाची अडविली तर २०० पण, आणि राष्ट्रांत जाणाऱ्या मोठ्या मार्गाला अडथळा केला तर तब्बल १,००० पण. नगरांतल्या रस्त्यावर माती टाकली तर पणाचा आठवा भाग, आणि चिखलपाणी तुंबविलें तर पाव पण ! म्हणजे वाट जितकी मोठी, तितकी तिच्यावर अवलंबून असणारीं माणसें अधिक, आणि तितका दंडही अधिक. या हिशेबामागची न्यायबुद्धि लक्षांत घेण्यासारखी आहे.

इंग्रजी अमदानींत मेकॉले याच्या अध्यक्षतेखालीं दंडसंहितेचा मसुदा १८३७ सालीं तयार झाला. तो कायदा होण्यास १८६० साल उजाडलें आणि १ जानेवारी १८६२ पासून तो अंमलांत आला. त्यांतील २८३ वें कलम आपल्या विषयाचें. कोणत्याही कृतीनें, किंवा आपल्या ताब्यांतील मालमत्तेची योग्य व्यवस्था न ठेवल्यानें, सार्वजनिक रस्त्यावर अथवा जलमार्गावर कोणाही व्यक्तीस धोका, अडथळा किंवा इजा पोंचविली, तर २०० रुपयांपर्यंत दंड.

त्या काळीं कंधार निजामाच्या राज्यांत होतें. तेथें ब्रिटिश हिंदुस्थानची दंडसंहिता नव्हे, तर हैदराबादची स्वतःची आसफिया दंडसंहिता चाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत सामील झालें, आणि पुढें १९५१ च्या एका अधिनियमानें, त्या वर्षाच्या १ एप्रिलपासून, भारतीय दंडसंहिता आमच्या भागास लागू झाली. मुंबईच्या रस्त्याला आणि कंधारच्या गल्लीला एकच कलम लागू होण्यास असें जवळजवळ नव्वद वर्षांचें अंतर पडलें.

या कलमांतील दोन गोष्टी लक्षांत ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, केवळ करणेंच नव्हे, तर न करणें हाही येथें अपराध होतो. मोडकळीस आलेली भिंत रस्त्यावर झुकली असतां मालक स्वस्थ बसला, तर तो निर्दोष ठरत नाहीं. दुसरी ही कीं, त्यापासून कोणाची तरी सोय होते ही सबब चालत नाहीं; सार्वजनिक उपद्रवाच्या व्याख्येंतच तसें स्पष्ट म्हटलें आहे. १८८७ सालीं कलकत्त्याच्या उच्च न्यायालयापुढें एक प्रकरण आलें होतें. मासेमारीसाठीं एकानें भरती-ओहोटीच्या नदींत बांबूंचा आडवा बांध घातला. होड्यांसाठीं मध्यें अरुंद वाट ठेविली, पण तीही बांबूनें बंद असे आणि कोणी मागणी केल्यावरच उघडली जाई. लोकांच्या हक्काच्या वाटेवर दुसऱ्याची परवानगी मागण्याची पाळी आली, कीं तो अडथळाच झाला. नद्यांचा विषय आम्हां मराठवाड्यांतल्या लोकांना परका वाटेल. पण २०१६ च्या राष्ट्रीय जलमार्ग अधिनियमांत जे १११ जलमार्ग सांगितले आहेत, त्यांत आपली मांजराही आहे!

दंडाशिवाय अडथळा दूर करविण्याची तरतूद फौजदारी प्रक्रियेच्या १३३ व्या कलमांत होती. याच कलमाच्या आधारें १९८० सालीं रतलाम नगरपालिकेच्या खटल्यांत न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं, पैसा नाहीं म्हणून नगरपालिकेस आपलें कर्तव्य टाळतां येणार नाहीं, असा निर्णय दिला.

आतां त्या २०० रुपयांकडे वळूं. १८६० सालीं ही रक्कम साध्या माणसाच्या कित्येक महिन्यांच्या कमाईइतकी होती. पुढें रुपया झिजत गेला, पण आंकडा मात्र जागचा हलला नाहीं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तेव्हां तिच्या २८५ व्या कलमानें ही मर्यादा ५,००० रुपये केली. दीडशेंहून अधिक वर्षें कायदा पुस्तकांत जागा होता, पण त्याचे दांत पडले होते.

येथें मला स्वतःचा कबुलीजबाब दिला पाहिजे. आमच्या घरापुढें वडिलांच्या वेळचा एक ओटा होता. तो हातभर गल्लींत आलेला. मी त्याच ओट्यावर बसून मुलांना नागरिकांचीं कर्तव्यें शिकवीत असें. एका पावसाळ्यांत शेजारच्या वृद्ध गृहस्थांना बाजेवर घालून मोठ्या रस्त्यापर्यंत न्यावें लागलें. ओट्याच्या कोपऱ्याशीं बाज अडली. ती तिरपी करतांना त्या आजाऱ्याचा हात दगडावर घासला. त्यांचा मुलगा एवढेंच म्हणाला, "असूं द्या, गुरुजी." त्या 'असूं द्या'नें मला जेवढी शिक्षा झाली, तेवढी कोणत्याही न्यायाधीशाला करतां आली नसती. दिवाळीपूर्वीं मीं तो ओटा काढून टाकला. "आतां सायंकाळीं बसायचें कोठें?" असें घरांत विचारलें गेलें, उत्तर मजपाशीं नव्हतें.

कोणी म्हणेल, गुरुजी, मग रास्ता रोकोचें काय? १९८० सालीं चाकणला कांद्याच्या भावासाठीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं शेतकऱ्यांनीं पुणें-नाशिक रस्ता अडविला. ज्याची हाक कोणी ऐकत नाहीं तो शेवटीं वाटेवर येऊन बसतो, हें मी जाणतों. सर्वोच्च न्यायालयानेंही १९७२ सालीं अहमदाबादच्या हिम्मतलाल शहा यांच्या प्रकरणांत, सरकारला रस्त्यावरील सभांचें नियमन करतां येईल, सरसकट बंदी मात्र घालतां येणार नाहीं, असें म्हटलें; आणि २०२० सालीं, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवून ठेवतां येणार नाहीं, असेंही सांगितलें. या दोन निर्णयांच्या मधल्या जागेंतच शहाण्या नागरिकाची वाट आहे. सत्याग्रही आपला अपराध लपवीत नाहीं, शिक्षा पत्करतो, आणि आजाऱ्याची गाडी आली कीं बाजूला सरतो. आमचे ओटे, मांडव आणि वाळूचे ढीग यांतलें कांहींच करीत नाहींत.

श्रोतेहो, वाट ही कोणाच्याच मालकीची नसते, म्हणूनच ती सर्वांची असते. आज घराबाहेर पडाल तेव्हां आपल्या उंबरठ्यापुढची हातभर जागा एकदां मोजून पाहा, एवढीच माझी विनंती आहे.