गर्भपिशवीचा आकार दिसू लागला, त्याची गोष्ट

पुन्हा पुन्हा पोट पडले की आपल्याकडे बोल बाईलाच लागतो. हिने जड उचलले, हिने पथ्य पाळले नाही, असे म्हणतात. पण कधी कधी कारण जन्मापासून पोटात असते आणि बाहेरून कुणालाच दिसत नाही. ते दिसू कसे लागले, हे आज आपण समजून घेऊ.

मुलगी आईच्या पोटात असतानाच तिची गर्भपिशवी घडते. आधी दोन नळ्या असतात. त्या एकमेकींना जुळतात, मधली भिंत विरते आणि एक पिशवी होते. जर्मनीचे शास्त्रज्ञ योहानेस म्युलर यांनी १८३० मध्ये या नळ्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना म्युलरचे नाव आहे. नळ्या पुरत्या जुळल्या नाहीत तर पिशवी वरून दुभंगलेली राहते. जुळल्या, पण भिंत विरली नाही, तर आत पडदा राहतो. शंभरात साधारण पाच बायकांच्या पिशवीत असा काहीतरी फरक असतो. त्यातल्या कितीतरी जणींची बाळंतपणे सुखरूप होतात.

पूर्वी पिशवीत औषध सोडून एक्स-रे काढत. त्यात आतली पोकळी दिसे, बाहेरचा आकार दिसत नसे. त्यामुळे पिशवी दुभंगलेली आहे की आत पडदा आहे, हे नक्की कळत नसे. खात्रीसाठी बाईला भूल देऊन पोटात दुर्बीण घालावी लागे.

सोनोग्राफीचे मूळ कारखान्यात आहे. धातूतले तडे शोधायला तिथे आवाजाच्या लहरी वापरत. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे डॉ. इयान डोनाल्ड यांनी १९५५ मध्ये बायकांच्या पोटातून काढलेल्या गाठी अशा यंत्रावर तपासून पाहिल्या. पुढे इंजिनिअर टॉम ब्राउन आणि डॉ. जॉन मॅकव्हिकर यांच्यासोबत १९५८ मध्ये त्यांनी हे काम छापले. एका बाईला बरा न होणारा कॅन्सर आहे असे ठरले होते. यंत्राने ती अंडाशयाची पाण्याची गाठ असल्याचे दाखवले. गाठ काढली आणि बाई वाचली.

पुढे थ्री-डी सोनोग्राफी आली. तिच्यात पिशवीची बाहेरची कड आणि आतली पोकळी एकाच चित्रात दिसते. लंडनच्या डॉक्टरांनी १९९५ मध्ये ती एक्स-रेशी ताडून पाहिली. वरची कड सपाट असेल तर आत पडदा. कडेलाच खोल खाच असेल तर पिशवी दुभंगलेली. हा भेद महत्त्वाचा, कारण दोन्हींचे उपचार वेगळे. पडदा दिसला म्हणून लगेच ऑपरेशन, असेही नाही. २०२१ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात पडदा काढलेल्या बायकांना न काढलेल्यांपेक्षा जास्त मुले झाल्याचे दिसले नाही.

याच यंत्राने आपल्याकडे मुलींचे गर्भही शोधून पाडले गेले. म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला. पण बंदी मुलगा-मुलगी सांगण्यावर आहे, पिशवी तपासण्यावर नाही.

तेव्हा गटात कुणाचे पोट वारंवार पडत असेल, तर तिला डॉक्टरांकडे न्या. ‘पिशवीचा आकार कसा आहे?’ असे विचारा. पाळी येण्याआधीच्या पंधरवड्यात अस्तर जाड असते, तेव्हा चित्र स्पष्ट येते. नवऱ्याचीही तपासणी करायला सांगा. आणि तिला बोल लावणाऱ्यांना ही गोष्ट जरूर ऐकवा.