शेर, शीग आणि कुकरमधला भात

‘एक वाटी तांदूळ म्हणजे किती ग्रॅम’ असं फोनवर शोधलंत तर चार ठिकाणी चार आकडे दिसतील. वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. आज हा प्रश्न फार तर भात चिकट होण्यापुरता आहे, पण एके काळी तो थेट पोटाचा होता.

आपली जुनी मापं बघा. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीला दुप्पट! कोडिंग करणाऱ्या माणसाला इथे भरून येतं. नवरी उंबरठ्यावर लवंडते ते तांदळाचं माप याच घराण्यातलं. ही सगळी भरून मोजायची भांडी. पण शेर वजनाचाही असायचा, नाव तेच. वजनातही एकी नव्हती. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, तर बंगालचा ८२ पौंडांहून जास्त. १९३९च्या कायद्याने ८० तोळ्यांचा शेर पक्का केला, म्हणजे साधारण ९३३ ग्रॅम.

खरी गंमत शिगेत आहे. मापाच्या काठावर दाणे ओघळेपर्यंत जो ढीग रचतात, ती शीग. धान्याचा ढीग साधारण ३० ते ३५ अंशांच्या उताराने बसतो असं धरू. माप जितकं उंच तितकंच रुंद असेल, तर शीग म्हणजे १० ते १२ टक्के जादा धान्य. तेवढंच धान्य मावणारं माप बसकं केलं, उंचीच्या दुप्पट रुंद, तर हीच शीग २० टक्क्यांच्या आसपास जाते. मापाचं नाव तेच, आत मावतं तेवढंच, फक्त तोंड मोठं.

आता कोकणातलं कूळ डोळ्यासमोर आणा. खोताचा वाटा भातात द्यायचा. माप कुणाचं, शीग कोण लावणार, यावर त्याच्या घरातले किती महिने निघणार ते ठरायचं. १९३३ साली अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा संप सुरू झाला, तो १९३९पर्यंत चालला. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, कायदा झाला १९४९ला. भांडण अख्ख्या खोतीशी होतं, नुसत्या मापाशी नव्हे. पण काट्याला शीग लावता येत नाही, हे कुळाला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढे १९५६चा कायदा आला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. दुकान बदललं, स्वयंपाकघर नाही बदललं. तिथे वाटीच बरोबर आहे, कारण तांदूळ आणि पाणी एकाच वाटीने मोजले की वाटी केवढी याने फरक पडत नाही. घोळ होतो तो अर्धवट काटा वापरल्यावर. २०० मिलीच्या वाटीत कच्चे तांदूळ साधारण १६५ ग्रॅम बसतात, पाणी मात्र २०० ग्रॅम. म्हणून ‘एकास दोन’ हे वाटीचं प्रमाण काट्यावर एकास जवळजवळ अडीच होतं. १०० ग्रॅम तांदळाला २०० ग्रॅम पाणी घातलंत तर भात फडफडीत, कदाचित कच्चाच. २४० ग्रॅम घाला. नवा इंद्रायणी असेल तर थोडं कमी.

आणि गावाहून कुणी ‘पायलीभर तांदूळ पाठवतो’ म्हणालं, तर कुठली पायली ते आधी विचारा. तिचे किलो गावागणिक बदलतात. भेटू पुढच्या भागात.