चक्रे (योग व तंत्र)

हिंदू तंत्रमार्गात आणि हठयोगात मानलेली, मेरुदंडातील सुषुम्ना नाडीवरची ध्यानस्थाने. साधक त्यांचे चिंतन कमळांच्या रूपात करतो, म्हणून त्यांना ‘पद्मे’ असेही म्हणतात. गुदस्थानी मूलाधार, त्याच्या वर लिंगमूलाशी स्वाधिष्ठान, नाभीत मणिपूर, हृदयात अनाहत, कंठात विशुद्ध आणि भ्रूमध्यात आज्ञा अशी ही सहा चक्रे. मस्तकातील सहस्रार हे बहुधा या सहांच्या पलीकडचे मानले जाते. गणपतीचा नित्य वास मूलाधारात असतो, हे अथर्वशीर्षामुळे मराठी घरांत लहान मुलांनाही पाठ असते.

सहा कमळांच्या पाकळ्या अनुक्रमे 4, 6, 10, 12, 16 आणि 2, म्हणजे एकूण 50. संस्कृत वर्णमालेतील अक्षरेही तांत्रिक गणनेत 50च, आणि प्रत्येक पाकळीवर एक अक्षर असते. सोळा स्वर कंठात, ‘ह’ आणि ‘क्ष’ भ्रूमध्यात. साधक न्यासाने ही अक्षरे शरीरात स्थापतो आणि देह मंत्रमय होतो. चक्रांचा विचार येथूनच सुरू करावा लागतो, कारण ग्रंथ त्यांचे वर्णन साधनेसाठी करतात. शरीररचना शिकवणे हा त्यांचा हेतू नाही.

पहिली पाच चक्रे पृथ्वी, आप, तेज, वायू आणि आकाश यांची स्थाने असून त्यांची बीजे लं, वं, रं, यं, हं अशी आहेत; आज्ञेत मन येते. मूलाधारात निद्रिस्त असलेली कुंडलिनी शक्ती जागी होऊन वर चढते, तेव्हा प्रत्येक तत्त्व त्याहून सूक्ष्म तत्त्वात विरते आणि अखेर ही शक्ती सहस्रारात शिवाशी एकरूप होते. चक्रांचा मुख्य अर्थ हा लय होय. पूजेआधीच्या भूतशुद्धीत हाच क्रम मनाने केला जातो. ज्ञानेश्वरीच्या (शके 1212) सहाव्या अध्यायात याचे मराठीतील सर्वांत समर्थ वर्णन आहे. नाथपंथाचा वारसा लाभलेले ज्ञानेश्वर तेथे पाकळ्यांची जंत्री देत नाहीत. भूते एकमेकांत कशी जिरतात आणि साधकाची काया कशी पालटते, ते डोळ्यांसमोर उभे करतात.

आज रूढ असलेली सहा नावे कुब्जिकामततंत्रात ठळकपणे आढळतात. तरी संख्या आणि तपशील सर्वत्र सारखे नाहीत. गोरक्षनाथांच्या नावावरील सिद्धसिद्धांतपद्धतीत नऊ चक्रे आहेत. सौंदर्यलहरीत आप मणिपुरात, तर अग्नी स्वाधिष्ठानात आहे. देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 13व्या शतकात लिहिलेल्या संगीतरत्नाकरातील विवेचन विशेष लक्षणीय आहे. नाद देहातून उपजतो, म्हणून तो आधी देह सांगतो आणि त्यात चक्रेही येतात. ललना, मनस् आणि सोम ही आणखी चक्रे तो देतो. जीव कोणत्या पाकळीवर असता कोणती वृत्ती उठते, गाणे कोठे साधते आणि कोठे बिघडते, हेही नोंदवतो. चक्रांचा मनोवृत्तींशी असलेला संबंध जुनाच आहे, याचा हा भक्कम पुरावा.

पूर्णानंदांच्या श्रीतत्त्वचिंतामणीतील (1577) सहावे प्रकरण ‘षट्चक्रनिरूपण’ या नावाने स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश जॉन वुड्रॉफ यांनी ‘आर्थर ॲव्हलॉन’ या नावाने 1919 मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद केला, आणि त्यातील मांडणी जगभर प्रमाण ठरली. दरम्यान चक्रे प्रत्यक्ष देहात शोधण्याचेही प्रयत्न झाले. दयानंद सरस्वतींनी आत्मकथनात सांगितले आहे की, नदीतून वाहत आलेले प्रेत चिरून पाहिले असता त्यांना चक्रे आढळली नाहीत आणि त्यांनी त्याविषयीच्या पोथ्या फाडून टाकल्या. मुंबईचे डॉ. वसंत रेळे यांनी 1927 मध्ये कुंडलिनी म्हणजे व्हेगस मज्जातंतू, असे मत मांडले. दोघांची जिज्ञासा प्रामाणिक होती. परंतु भावनेने उभारायचे कमळ शस्त्राच्या टोकाला कसे लागणार?

चक्रांना तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत इंद्रधनुष्याचे रंग देण्याची आज योगवर्गांतून दिसणारी पद्धत 20व्या शतकातील आहे. षट्चक्रनिरूपणात मणिपूर मेघासारखे सावळे, अनाहत बंधूकाच्या फुलासारखे लाल आणि आज्ञा चंद्रासारखी शुभ्र आहे.