ऊद, लोबान आणि धूप : बेळगाव-निपाणी सीमाभागातील अरबी सुगंधांचा मागोवा

मराठीत उदबत्ती, कन्नडमध्ये ऊदिनकड्डी आणि दखनीत ऊदबत्ती. बेळगाव, निपाणी, चिकोडी, खानापूर या पट्ट्यात एकाच गल्लीत हे तिन्ही शब्द कानावर पडतात. 1956 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तत्कालीन म्हैसूर राज्यात गेला आणि तेव्हापासून येथील भाषेचा प्रश्न धगधगत राहिला. परंतु देवघरात, दर्ग्यात आणि दुकानाच्या गल्ल्यावर रोज पेटविल्या जाणाऱ्या या काडीच्या बाबतीत तिन्ही भाषांनी एकच अरबी शब्द स्वीकारलेला आहे, याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. अरबीत 'ऊद' म्हणजे लाकूड. सुगंधाच्या संदर्भात अगरूचे लाकूड. त्याला पर्यायी असलेला 'अगरबत्ती' हा शब्दही त्याच लाकडावरून आलेला. म्हणजे मुसलमान ज्याला ऊद म्हणतो आणि हिंदू ज्याला अगरू म्हणतो ती वस्तू एकच. मात्र आज बाजारात मिळणाऱ्या बहुतेक काड्यांत ते लाकूड नावापुरतेही नसते. असते ती कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट आणि वरून लावलेले कृत्रिम सुगंधी तेल.

धुपाच्या इतिहासात हे वारंवार घडलेले दिसते. नाव टिकते, वस्तू बदलते. सीमाभागात 'अरबी' म्हणून जे सुगंध ओळखले जातात त्यांची तुलना करताना हे ध्यानात ठेवले नाही, तर लोबान 'त्यांचा' आणि धूप 'आमचा' अशी सोपी वाटणी करण्याचा मोह होतो. या वाटणीला इतिहासाचा आधार कितपत आहे, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम लोबान. अरबी 'लुबान' हा शब्द पांढरेपणा दर्शविणाऱ्या धातूपासून आला. दुधाला 'लबन' म्हणतात तोही त्याच धातूचा. ओमानमधील धोफार आणि येमेनमधील हद्रमौत येथील कोरड्या डोंगरांत बॉसवेलिया सॅक्रा हे झाड वाढते. त्याच्या सालीला चीर दिली की दुधासारखा चीक पाझरतो व वाळून त्याचे खडे बनतात. धोफारमध्ये या खड्यांच्या होजरी, नज्दी, शझरी व शाबी अशा प्रती ठरलेल्या असून होजरी ही सर्वांत उंची मानली जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नाविक-ग्रंथात सिंधूच्या मुखाशी असलेल्या बार्बारिकम बंदरात येणाऱ्या मालाच्या यादीत हा धूप आहे. त्याच ग्रंथात भडोच, सोपारा व कल्याण ही बंदरे आणि दख्खनमधील पैठण व तेर ही बाजारपेठेची गावे येतात. निपाणीपासून जवळच असलेल्या कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1944-45 च्या उत्खननात रोमन बनावटीच्या कांस्यवस्तू सापडल्या. यावरून पश्चिम समुद्रावरचा व्यापार सह्याद्रीच्या माथ्यापर्यंत पोहोचत होता हे स्पष्ट होते, आणि तो इस्लामच्या उदयापूर्वीचा आहे.

संस्कृत शब्दसंपत्तीही हीच साक्ष देते. अमरकोशात एका सुगंधी राळेला 'तुरुष्क' आणि 'यावन' अशी नावे दिली आहेत. दोन्ही नावे परदेशाकडे बोट दाखवितात. सालईच्या डिंकाला 'कुंदुरु' म्हणतात, तर अरबी-फारसी वैद्यकात लुबानालाच 'कुंदुर' म्हणतात. कौटिलीय अर्थशास्त्रात अगरूचे जे प्रकार दिले आहेत त्यांत 'पारसमुद्रक', म्हणजे समुद्रापलीकडचा, असाही एक आहे. देवापुढचा धूप पूर्वीपासूनच जहाजातून उतरत होता, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

उलट दिशेचा प्रवास तितकाच जुना. अबू झैद अल-सिराफी या दहाव्या शतकातील अरब लेखकाने कामरूपच्या उदाची हकीकत नोंदविली आहे. हे लाकूड मुलतानच्या मंदिरात धुपासाठी अर्पण होई. त्याचा भाव मणाला 200 दीनारांपर्यंत जाई (हा मण आपल्या मणापेक्षा पुष्कळच लहान), आणि मंदिराच्या सेवकांकडून ते व्यापारी विकत घेत. आसामच्या जंगलातले लाकूड, सिंधमधील मंदिर आणि तेथून अरब बाजारपेठ. यात 'अरबी ऊद' कोणता आणि 'हिंदी अगर' कोणता, हे कसे ठरवायचे?

अरबांना स्वतःला या लाकडाचे मूळ ठाऊक होते. 'सहीह मुस्लिम'मधील एका रिवायतीनुसार हजरत इब्न उमर हे धुरी घेताना शुद्ध ऊद वापरीत किंवा त्यावर कापूर टाकीत, आणि पैगंबर हजरत मुहम्मद (स.) हेही असेच करीत असे सांगत. ऊद आणि कापूर या दोन्ही वस्तू अरबस्तानात पिकत नाहीत. त्या पूर्वेकडून समुद्रमार्गे येत. मदिनेच्या मशिदीत धुरी देण्याचे काम करणाऱ्यांवरून 'अल-मुज्मिर' हे उपनाम रूढ झाले. हदीसच्या रावींमध्ये नुऐम अल-मुज्मिर हे नाव प्रसिद्ध आहे. येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे आवश्यक आहे. हदीसमध्ये औषध म्हणून ज्या 'ऊद हिंदी'चे गुण सांगितले आहेत ते अगरूचे लाकूड नसून 'कुस्त', म्हणजे हिमालयातील कोष्ठ हे मूळ होय, असे भाष्यकारांनी स्पष्ट केले आहे. बाजारातील काही विक्रेते महागड्या उदाच्या डबीवर हीच हदीस छापतात ते चुकीचे आहे.

दख्खनमध्ये या सुगंधांना राजाश्रय मिळाला तो केवळ मुसलमानी अमदानीत नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या 1129-30 च्या सुमाराच्या ग्रंथात राजाच्या उपभोगांमध्ये धूपभोगाचे स्वतंत्र प्रकरण आहे. पुढे गंधशास्त्रावरील 'गंधवाद' या संस्कृत ग्रंथाला चक्क मराठी टीका लाभली. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी या हस्तलिखिताकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले आणि 1989 मध्ये बडोद्याहून ते प्रसिद्ध झाले. मराठी भाषेत शास्त्रीय गद्य फार कमी, त्यात सुगंधावर म्हणजे दुर्मीळच. तरी आपल्या महाविद्यालयांत या ग्रंथाचे नाव क्वचितच ऐकू येते. उत्तरमध्ययुगीन संस्कृत गंधग्रंथांत 'जवादि' हा शब्द येतो, तो कस्तुरीसारख्या वासाच्या, मांजराच्या जातीतील प्राण्यापासून मिळणाऱ्या द्रव्याचा. त्याचे मूळ अरबी 'जबाद'.

विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी (कारकीर्द 1580-1627) निजामुद्दीन महमूद याने 'इत्र-ए-नौरसशाही' हा फारसी ग्रंथ रचला. घर, वस्त्र आणि शरीर सुगंधित करण्याच्या कृती त्यात आहेत. अली अकबर हुसेन आणि एम्मा फ्लॅट यांच्या संशोधनामुळे या ग्रंथाचे महत्त्व अलीकडे लक्षात आले. दिल्लीकडे त्याच काळात अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सुगंधखान्याचे प्रकरण लिहिले. दरबारात रोज सोन्या-चांदीच्या धूपपात्रांत धूप जाळला जाई, असे तो सांगतो.

बेळगाव या नकाशावर येते ते वाटेवरचे ठाणे म्हणून. 1472-73 च्या सुमारास महमूद गावानने गोवा व बेळगाव बहमनी सत्तेखाली आणले. पुढे आदिलशाहीत असदखान लारी हा बेळगावचा सुभेदार झाला. किल्ल्यातील सफा मशीद त्याच्या नावाशी जोडलेली आहे आणि त्याच किल्ल्यात 1204 ची कमल बस्ती ही जैन वास्तू उभी आहे. 'लारी' हे नाव इराणच्या आखाताजवळील लार या गावाचे. होर्मुझच्या व्यापारी जगातून आलेला हा सरदार 1549 मध्ये वारला. गोवा 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले तरी घाटावरची वाट थांबली नाही. बंदरावर उतरलेला माल बेळगावमार्गे विजापूरकडे जात राहिला.

याच गोव्यात 1563 साली गार्सिया द ओर्ता या वैद्याचा औषधी द्रव्यांवरील संवादग्रंथ छापला गेला. ऊद आणि बेंजुई यांवर त्यात स्वतंत्र संवाद आहेत. हे बेंजुई म्हणजेच अरबी 'लुबान जावी', जावाकडचा लोबान. अरब ज्याला जावा म्हणत त्यात सुमात्राही येई. तेथील स्टायरॅक्स झाडाची ही राळ. धोफारच्या लोबानाशी तिचे वनस्पतिशास्त्रीय नाते काहीही नाही. 'लुबान जावी'तील 'लु' गळून युरोपात 'बेंजुई' झाले, त्यावरून 'बेंझॉइन', आणि 1833-34 मध्ये मित्शर्लिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने त्यातील आम्लापासून मिळालेल्या द्रवाला नाव दिले ते आजचे 'बेंझीन'. रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर षटकोन काढणाऱ्या शिक्षकांनी हे विद्यार्थ्यांना अवश्य सांगावे.

भारतात मात्र 'जावी' हे विशेषण गळाले आणि नुसता 'लोबान' उरला. अबुल फजल लोबान हा जावातील झाडाचा डिंक आहे आणि विस्तवावर तो कापरासारखा उडून जातो असे लिहितो. हे वर्णन बेंझॉइनचे आहे, अरबी लुबानाचे नव्हे. युनानी वैद्यकानेही हाच भेद पाळला: कुंदुर वेगळा, लोबान वेगळा. म्हणजे सीमाभागातील पंजापुढे, दर्ग्यात आणि जुमेरातीला मोरछल घेऊन दुकानोदुकानी फिरणाऱ्या फकिराच्या धूपपात्रात जो लोबान जळतो, तो बहुतांशी अरबस्तानातला नसून आग्नेय आशियातला आहे. मराठीत त्यालाच पुन्हा 'ऊद' म्हणतात! ऊद घालणे, उदाचा धूर, उदी: या सर्व प्रयोगांत लाकूड नाहीच, राळ आहे.

या अदलाबदलीमागे व्यवहार असावा. धोफारी लोबानाचा वास लिंबाच्या सालीसारखा, किंचित मिरीसारखा तिखट आणि स्वच्छ. तो हळू पसरतो. बेंझॉइनचा वास गोड, व्हॅनिलाच्या जवळचा, आणि निखाऱ्यावर टाकताच पांढरा धूर भरभरून उठतो. मोहरमच्या सवारीत, उरुसाच्या गर्दीत किंवा उघड्या अंगणात असा धूरच उपयोगी. शिवाय तो स्वस्त. खऱ्या उदाचे तसे नाही. झाडाला बुरशीची बाधा झाली की ते स्वसंरक्षणासाठी काळी राळ तयार करते. त्या राळेने भरलेली ढलपी मंद आचेवरच ठेवावी लागते, नाहीतर नुसते लाकूड जळाल्याचा वास येतो. नीट तापली तर तिचा वास खोल, कातड्यासारखा, थोडा मधुर, आणि तो कपड्यांत दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. मोठ्या मिरवणुकीसाठी ती वाया जाईल. बंद खोलीसाठी ती सर्वांत सरस. सालई आणि गुग्गुळ या आपल्या राळा यांच्या मधे कोठेतरी बसतात. सालईत अरबी लोबानाची ओळख पटते, पण कडा खरखरीत. गुग्गुळाचा धूर जड आणि कडवट. पश्चिम घाटातील राळधुपाचा काळपट डिंक अधिक रानटी वासाचा.

चौथा प्रकार 'बखूर'. हा शब्द सीमाभागात नवा आहे, जरी 'बुखार' हा त्याचा भाऊबंद जुना असला (मूळ अर्थ वाफ). 1973 नंतर आखाती देशांत तेलाचा पैसा वाढला, कोकण आणि दक्षिण महाराष्ट्र-उत्तर कर्नाटकातील तरुण तेथे गेले, आणि सुट्टीवर येताना पेटीत बखुराची डबी आणू लागले. लाकडाची पूड किंवा ढलप्या सुगंधी तेलांत, कस्तुरी-गुलाब-चंदनाच्या मिश्रणात मुरवून तो करतात. वास भरघोस, पहिल्या क्षणी मोहविणारा. मात्र स्वस्त मालात मुख्यतः कृत्रिम द्रव्येच असतात. हज-उमऱ्याहून आलेल्या डबीला घरात जो मान मिळतो तो वासाचा नसून प्रवासाचा आहे, आणि त्यात गैर काही नाही.

धर्माच्या वाटणीला सर्वांत ठोस उत्तर मिळते ते बाळंतिणीच्या खोलीत. न्हाऊ घातलेल्या बाळाला शेगडीवर ऊद, ओवा, वावडिंग टाकून धुरी देण्याची चाल मराठी घरांत सर्व जातिधर्मांत होती. त्याच बाळंतिणीला दिला जाणारा हिराबोळ म्हणजे अरबस्तान-सोमालियाकडील 'मुर'. कोणत्याही आजीने त्याला परका म्हटल्याचे ऐकिवात नाही. (तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांना बंद खोलीतला धूर अपायकारक असतो, हे आजच्या वैद्यकाचे म्हणणे वेगळे, आणि ते ऐकलेच पाहिजे.) मोहरमच्या पंजांपुढे ऊद घालणारे हात सीमाभागातील खेड्यांत दोन्ही समाजांचे असतात. निपाणीच्या पीरानेपीर दस्तगीर साहेबांच्या उरुसालाही मुसलमानांइतकीच हिंदू मंडळी येतात.

आज ही झाडेच संकटात आहेत. रानटी उदाची बेसुमार तोड झाल्याने 1995 पासून अगरूच्या मुख्य जातीचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आला आणि 2004 च्या ठरावाने संपूर्ण प्रजातीवर नियंत्रण आले. इथिओपिया-सुदानकडील लोबानाच्या झाडांबाबत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पाहणी केलेल्या तीन चतुर्थांशांहून अधिक वनांत कोवळी झाडे उरलेली नाहीत, आणि वीस वर्षांत उत्पादन निम्म्यावर येईल असा अंदाज आहे. साहजिकच 'असली अरबी लोबान' या नावाखाली काय विकले जाते हा प्रश्न आता केवळ शब्दकोशाचा राहिलेला नाही.

त्याची परीक्षा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. खडा खलात कुटून थोड्या पाण्याबरोबर घोटावा. धोफारी लोबानात राळेबरोबर डिंकही असल्याने पाणी दुधासारखे पांढरे होते. बेंझॉइनमध्ये तो डिंक नसतो. पूड तशीच तळाशी बसते.